उतारावर, उलट

सेल्बीची बोट मागे जोडून थर्झा निघाली
तेव्हा स्टिअरिंग हलकं लागलं, नको तितकं.
मागचा भार हुकवर बसला की
गाडीचं नाक उचललं जातं,
पुढची चाकं रस्त्याला नुसती शिवतात.
चाळीस किलोमीटर ती बोटभर जोराने वळवत आली,
न्यूफाउंडलंडचा तोच खडक, धुकं,
मूसपासून सावध राहायची पाटी, पुन्हा खडक.

धक्क्याच्या उतारावर मात्र उलटं काम.
ट्रेलर उजवीकडे हवा तर स्टिअरिंग डावीकडे,
जागच्या जागी, शेवटापर्यंत, परत, पुन्हा.
बॉनेटखाली पंप कण्हू लागला,
जळक्या तेलाचा वास आला,
आणि हातातलं चक्र एकदम दगड झालं.

खाली गिऱ्हाईक ॲम्ब्रोज, खिशात रोकड:
"ओढा की, अजून ओढा!"
तिने दोन्ही हात घातले, खांदा घातला,
बूट पत्र्याला रोवला.
इतभर फिरलं.
इतकं जड होतं तर हे.
मग आजवर कोण उचलत होतं?

तेल निवेपर्यंत ती फूटबोर्डावर बसली.
बोटीच्या कुशीवर सेल्बीच्या हातचं नाव,
जागा न पुरल्याने शेवटचं अक्षर खाली घसरलेलं.
ॲम्ब्रोजने घड्याळ पाहिलं.
"गरम आहे अजून," ती म्हणाली,
बॉनेटला हात न लावताच.