शेऱ्याचा रकाना

प्रतापनगरच्या पुढे एक फाटा डावीकडे वळतो,
काचकारखान्याकडे. सव्वा किलोमीटर, नॅरोगेज.
कागदावर तो चालू आहे.
जमिनीवर त्याच्यातून घाणेरी उगवलीय
आणि मधेच कुणीतरी
रुळाला म्हैस बांधलीय.

मी फॉर्म घेऊन आलेय, स्लीपर मोजायला:
बरा, सडका, नाहीसा.
कारखाना आता सोलरच्या काचा करतो,
त्याला मोठ्या वाघिणी हव्यात, म्हणून ब्रॉडगेज.

कीमन नगीन राठवा, निवृत्तीला अकरा महिने,
पुढे चालतो. प्रत्येक स्लीपरवर एक टोला,
मग डोकं किंचित तिरपं,
माठ विकत घेताना वाजवून बघतात तसं.
"बेन, बोले छे." मी लिहिते: बरा.
"बेन, पोलुं." मी लिहिते: सडका.
कधी नुसतीच मान हलवतो
आणि मला विचारावं लागतं.

रुळाच्या कमरेवर खडू घासला,
अक्षरं वर आली: परक्या गावाचं नाव,
अर्धं गंजानं खाल्लेलं, सन १९१३.
त्याच्या शेजारी कुणी खिळ्यानं कोरलेलं: मगन.
दोन्ही नावं वहीत उतरवली.
फॉर्ममध्ये त्यांना जागा नव्हती.

एकशे अठ्ठ्याऐंशीवर तो थांबला.
स्लीपर धडधाकट, टोला ठणठणीत.
तरी खाली बसला, तळवा खडीवर ठेवून,
ताप बघावा तसा.
हा जॉइंट दर पावसाळ्यानंतर बसतो, म्हणाला.
आम्ही खडी घालतो, बीटरनं ठोकतो,
पुढच्या वर्षी ती नसते.
कुठे जाते?
"जमीन खाय छे, बेन."

सल्लागारांचा अहवाल माझ्या पिशवीत होता:
भराव समाधानकारक.
त्यांनी चार ठिकाणी भोकं पाडून पाहिली होती,
चारही इथून लांब, जिथे जीप पोचते तिथे.

मी शेऱ्यात लिहिलं:
स्लीपर १८८, खाली पोकळी असावी.
आधार: कीमनचं ऐकणं.
खानविलकर साहेबांनी फोनवर ते मला दोनदा वाचून दाखवलं.
दुसऱ्यांदा हसले नाहीत.

गुरुवारी जेसीबी आली. म्हैस हलवली.
अर्ध्या मीटरवर खडी, एक मीटरवर खडी,
वरची करडी, मधली तेलानं काळी,
तळाला नदीतले गोटे, कधीतरी खडी संपली असेल तेव्हाचे.
मग विटांची कड लागली. गोल.
इंजिन फिरवायची जुनी चकरी, तिचा खड्डा.
बुजवायचे पैसे वाचवून
वर फळ्या टाकल्या, रूळ सरळ नेला
आणि नकाशावरून चकरी पुसली.
तळाशी मोरी, नाल्याकडे उघडी.
पावसाळ्यागणिक तिकडून खडी वाहून जायची.

मला वाटलं, नगीन खूश होईल.
तो काठावर उभा राहून ओठ हलवत होता,
पाट्या मोजत होता.
"मारा बाप पण आमां ज नाखता," म्हणाला,
बाप पण इथेच टाकायचे,
आणि विड्यांसाठी खिसा चाचपला.

खड्डा काँक्रीटनं भरला. नवे रूळ आले,
सांधे वितळवून एक केलेले,
सिमेंटचे स्लीपर, सगळे एकाच आवाजाचे.
शेवटच्या महिन्यात नगीननं तीन-चार ठोकून पाहिले,
मग हातोडी काखेत धरली
आणि उरलेलं अंतर नुसता चालला.
एकशे अठ्ठ्याऐंशी आता एकशे अठ्ठ्याऐंशी नाही,
क्रमांक बदललेत, तरी एका जागी
त्याचं पाऊल जरा लांब पडलं.

म्हैस आता कुंपणाच्या खांबाला असते.

फॉर्म टॅबवर आलाय.
आधार कोणता, असं विचारलं की यादी उघडते:
माप, यंत्र, छायाचित्र, इतर.
मी 'इतर' वर बोट ठेवते.
तो विचारतो, नक्की?