फट

गंगापूर रोडच्या बंगल्यात माप घ्यायला गेलो तेव्हा
शहाणे साहेब म्हणाले,
आम्ही गोदेत उड्या मारून वाढलो,
आम्हाला कुणी घातलं होतं कुंपण?
मी टेप ओढला.
चौऱ्याऐंशी फूट, वर पाच इंच.

उंची माझ्या छातीइतकी.
मधे आडवी पट्टी नाही,
पाय ठेवायला मिळाला की पोर चढतं.
दोन गजांत चार इंच, सूतभरही जास्त नको.
अंबडच्या शेडमध्ये एकेका फटीला
सोललेला नारळ लावून पाहिला. अडला.
ताहेर हसला, उस्ताद, नारळ तर तरंगतो.

फाटक आपलं आपण मिटतं,
कडी वर, पाण्याच्या बाजूने.

चेक घेऊन निघालो आणि मागे पाहिलं:
कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची
कुंपणाला टेकवलेली,
पाठीवर ओला टॉवेल.

परत गेलो. खुर्ची उचलली,
पार गाडीजवळ नेऊन ठेवली.

साहेबांची नात आली, अडीच वर्षांची,
खुर्ची होती तिथेच उभी राहिली.
दोन गजांमधून पाण्याकडे
नाक घातलं.

तेवढंच मावलं.