दोन घरचा पाहुणा

नारीन, किरगिझस्तान. बाहेर उणे अठरा.
शाळेत बारा संगणक, एकालाही डिस्क नाही.
बटण दाबलं की अंधारात विचारतात:
मी कोण? माझा पत्ता काय?

बुरुल एकुलत्या सर्व्हरला उत्तरं शिकवतेय,
कोट न काढता, तिसरी संध्याकाळ.
फाइलचं नाव बरोबर. वाट बरोबर.
तरी सात उठतात, पाच नुसते लुकलुकतात.
रोज वेगळे पाच.

शेवटी ती तारेमागं रांगत गेली
थेट मुख्याध्यापकांच्या टेबलाखाली.
तिथं धूळ, एक वाळलेलं जर्दाळू,
आणि त्यांनी बाजारातून आणलेला राउटर,
विचारेल त्याला पत्ते वाटत बसलेला.

दोन घरचा पाहुणा उपाशी.

तिनं तार उपटली.
तोक्तोसुनसाहेब, उद्यापासून तुमचं फोनवरचं बुद्धिबळ बंद.

बारा पडदे.
बाराव्यावर कुणाच्या तरी बोटाचा ठसा,
मागून उजळलेला.