कोरी ओळ

दर शनिवारी मी हौद घासायचे
घायपाताच्या दोरीचा बोळा करून,
आणि दर शनिवारी लिसांद्रो, माझे वडील,
काठावर उभे राहून म्हणायचे :
तिथं राहिलं बघ, कोपऱ्यात. हिरवं.

हिरवं म्हणजे आळस. हिरवं म्हणजे
पाहुण्यांसमोर खाली गेलेली मान.

सत्तावीस वर्षांनी तेच हिरवं घेऊन
मी सान हिलच्या बसमधून उतरले,
वीस लिटरचा कॅन मांडीवर,
झाकणाला भोक, आतला जीव गुदमरू नये म्हणून.
शेजारची बाई म्हणाली, पोरी, हा कसला रस?
म्हटलं, घेवड्याचा खुराक.
ती जरा सरकून बसली.

प्रयोगशाळेत माशांच्या पेटीचा पंप
रात्रभर बुडबुडे सोडतो बाटल्यांत.
एका पेशीच्या दोन होतात, दोनांच्या चार,
कुणाला न सांगता.
भिंगाखाली नुसते मणी,
नाकाला मात्र वास तोच,
माझ्या ओल्या कोपरांचा.

वडिलांना समजावलं :
या सहा ओळींना कॅनमधलं, भरपूर पाणी घालून,
दर दहा दिवसांनी, ऊन चढायच्या आत.
त्या सहांना नुसतं पाणी.
नुसतं?
नुसतंच. तुलना करायची तर
कुणीतरी कोरं राहायला हवं.
ते काही बोलले नाहीत,
टोपीच्या आत बोट फिरवत राहिले.

घेवडा काठीला धरून चढला. शेंगा लोंबल्या.
मी गेले वही, फूटपट्टी, वजनकाटा घेऊन,
तर बाराच्या बारा ओळी
सारख्याच गर्द.

रोपं उपटली. मुळांवरच्या गाठी मोजल्या.
पुन्हा मोजल्या.
मग हौदाच्या काठावर टेकले
आणि आत पाहिलं :
चारही कोपऱ्यांत हिरवं,
जाड, मखमली, कित्येक शनिवारांचं.

तुझा कॅन पुरेना, ते मागून म्हणाले.
एका पंगतीत अर्ध्यांना वाढायचं
आणि अर्ध्यांपुढून भांडं तसंच पुढं न्यायचं,
हे मला जमत नाही, यानेत.

विद्यापीठाच्या तक्त्यात
सहा रकाने मी मोकळेच ठेवले.
खाली बारीक अक्षरात तळटीप :
कोऱ्या ओळींना वडिलांनी वाढलं.

निघताना तो बोळा शोधला,
सवयीनं.
सापडला नाही.
त्याची दोरी उसवून
त्यांनी वेलांच्या काठ्या बांधल्या होत्या.