एकवीस कात्र्या

तासगावात स्टँडमागं, पोरवालांच्या काउंटरवर
कात्र्यांचा ढीग. द्राक्षविरळणीच्या, बारक्या,
केशरी मुठी, पात्यांना निळसर झाक.
साठ रुपये. घाऊक घेतल्या तर पन्नास.
पुडीवरची अक्षरं मला घरांसारखी दिसतात,
छपरं, खिडक्या, कडीकोयंडे,
आत कोण राहतं ते कळत नाही.
तौफिक म्हणाला, "ह्याच न्या मावशी,"
आणि माझ्याकडं न बघता पावतीपुस्तक काढलं.

तौफिक म्हणजे बाबालाल शिकलगारचा धाकटा.
बाबालालची कात्री एकशे सत्तरला.
दहा रुपये सोड म्हटलं तर भात्याशी बोलतो, माझ्याशी नाही.
"धार गेली तर आणून टाक. मी हाय तंवर फुकट लावून देतो."
मी हाय तंवर, म्हणतो,
आणि मग बराच वेळ खोकतो.

माझ्यासकट एकवीस बायकांची टोळी.
कात्री मी देते, मजुरीतनं कापत नाही.
आधीची मुकादम कापायची.
तीन हजार पाचशे सत्तर, की एक हजार पन्नास?
मधल्या फरकात लेकीची परीक्षा फी बसते,
वर सावळजपर्यंतच्या वडापला शंभरेक उरतात.

खोटं कशाला बोलू, गेल्या साली केशरीच घेतल्या होत्या.
नवव्या दिवशी सोजरच्या कात्रीची स्प्रिंग उडाली,
पाल्यात गेली ती गेलीच.
तिनं उरलेली ओळ नखानं खुडली,
अंगठा काळा पडेस्तोवर.
पण त्यातलीच एक माझ्या घरी अजून
रोज सकाळी दुधाची पिशवी कापते.
हेही सांगायला पाहिजे.

"आपल्या देशातला माल घ्या की अक्का," बाबालाल म्हणाला.
मी विचारलं, "पोलाद कुठलं?"
"भंगारातला पाटा. ट्रकचा."
"आणि हे धारेचं चाक?"
त्यानं चाक थांबवलं, वळवून कडेचा शिक्का दाखवला.
तीच घरं. छपरं, खिडक्या.
दोघंही हसलो. त्याला पुन्हा खोकला आला.

बागेत मालकाच्या पोरानं रिकामी पेटी उघडून दाखवली,
आमची द्राक्षं जातात ती. रॉटरडॅम, त्यानंच वाचलं.
अठरा मिलिमीटरच्या कड्यातून मणी खाली पडला
तर त्याला पेटीत जागा नाही.
तिथं थंडीत एखादी बाई उभी असेल,
एका हातात तिच्या मुलखातली महाग फळं,
दुसऱ्या हातात सोजरच्या अंगठ्याखालनं गेलेला घड, स्वस्त.
तिनं काय घ्यावं?
आमचं घ्यावं, बाई.
पटकन म्हणाले मी, मनात,
आणि पिशवीतल्या हिशेबाच्या वहीकडं बघायचं टाळलं.

शेवटी अकरा बाबालालच्या, दहा केशरी.
न्याय केला असं वाटलं, वाटप करेपर्यंत.
सगळ्यांचे हात केशरीकडं.
"हलकी हाय गं. दिवसभर धरायची असती."
हे माझ्या गणितात नव्हतं.
जड होत्या त्यातली एक मी घेतली.
रात्री भाकरी थापताना मनगट बोललं.

तिसऱ्या दिवशी एक केशरी हरवली.
"जाऊ दे," म्हणाल्या, आणि ओळ पुढं सरकली.
पाचव्या दिवशी बाबालालची एक.
वडापवाला हॉर्न वाजवत राहिला, वाजवत राहिला,
आणि एकवीस जणी मांडवाखाली वाकलेल्या,
मोबाईलच्या उजेडात पाला चाळत.