बंद पाकीट

एस्बियर्गच्या गोदीत सकाळी पत्रं वाटायचा
आमचा एव्हाल्ड क्रोग्सबोल, संध्याकाळी पटावर.
एकोणीस वर्षं खेळला: ओडेन्स, ऑल्बोर,
एकदा थेट ऑस्टेंडपर्यंत, माझ्या कोटात.
बरोबऱ्याच जास्त.
हाती लागत नाही, म्हणायचे, ओल्या बामसारखा.

त्या ईस्टरला मात्र शेवटचा डाव
तहकूब झाला तेव्हा
एक प्यादं त्याच्याकडे जास्त होतं.
पुढची चाल लिहिली, पाकिटात घातली,
जिभेनं कड ओली केली,
आणि रात्रभर खानावळीत, गार कॉफीशेजारी,
त्या घोड्याच्या चौदा वाटा तपासल्या.
तेराव्या वाटेला तो हसला, म्हणे.

सकाळी पंचांनी पाकीट फोडलं.
वाचलं. पुन्हा वाचलं.
कागद गुपचूप त्याच्याकडे वळवला.
घोडा अशा घरात, जिथे
त्याचंच प्यादं आधीपासून राहत होतं.

घड्याळ थांबवलं. हात मिळवला.

मंगळवारी थैली खांद्याला लावून
वेळेवर आला. कचेरीत कुणी विचारलं नाही, मीही नाही.
पुढे निवृत्तीपर्यंत
एकही पत्र चुकीच्या घरात पडलं नाही.
फक्त दारावरची प्रत्येक पाटी
तो आता बोट ठेवून वाचायचा.