थोडक्यात लिहा

साकीनाक्याच्या गाळ्यात मी चिवड्याची पाकिटं भरायचे.
चौदा वर्षं. शंभर ग्रॅम, दोनशे ग्रॅम,
काट्याकडे न बघता.

मग दाराशी अंगठ्याचं मशीन आलं.
त्यानं सगळ्यांना ओळखलं,
परवा लागलेल्या पोरालासुद्धा पहिल्या झटक्यात.
मला म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
केला. फुंकर मारून, पदराला घासून,
परत केला.
माझ्या अंगठ्याला रेषाच नाहीत हो.
एकोणिसाव्या वर्षी गेल्या,
आजार गेला त्याच्या जरा आधी.

सुपरवायझर हसत आला, वाकून हात बघितला,
धरला नाही.
संध्याकाळी माझा डबा, माझी छत्री
आणि सात दिवसांचा पगार
जिन्याच्या पायरीवर.
"खायची वस्तू आहे मावशी, समजून घ्या."

मी घेतलं समजून.
ह्याच हातचा चिवडा तो रोज
चहाबरोबर खायचा,
हे सांगायचं राहूनच गेलं.

अकरा दिवस वडाळ्याच्या खोलीत तांदूळ निवडले.
शेजारची इंदुमती म्हणाली,
कोर्टाच्या आवारात, झेरॉक्सवाल्याच्या मागं
एक खोली आहे, वकील देतात, पैसे घेत नाहीत.
मी म्हटलं, कोर्ट? मी काय खून केलाय?
ती म्हणाली, तू नाही केलास.

खोलीत तुस्कानोबाई होत्या, चष्म्याला काळी दोरी.
त्यांनी अर्ज पुढं केला.
"तक्रार थोडक्यात लिहा", खाली टिंबांच्या तीन ओळी.
तीन ओळी!
मावशीकडं माझी ताटली कोनाड्यात वेगळी असायची
ती कुठल्या टिंबावर ठेवू?
मोडलेलं लग्न?
भावानं पत्रिकेत न छापलेलं नाव?
बाई म्हणाल्या, ते ह्यात बसणार नाही.
मग पेनाला टोपण लावून म्हणाल्या,
पण सांगा.

सांगून झालं तेव्हा पंखा बंद होता, लाईट गेलेली,
आम्हाला कळलंही नव्हतं.

मग त्यांनी कायद्याचं पुस्तक माझ्याकडं फिरवलं,
बारीक अक्षर, खाली त्यांचं बोट:
कुष्ठरोगमुक्त व्यक्ती.
पहिला अर्धा शब्द मला पाठ होता,
लोकांनी पाठ करून घेतला होता.
त्याच्या पाठीला मुक्त चिकटलेलं
मी पहिल्यांदा पाहिलं.
हा शब्द मी कीर्तनात ऐकलेला,
मेलेल्या माणसांसाठी.

मी विचारलं, जिंकेन का?
बाई खोटं बोलल्या नाहीत.
मालकाला पत्र जाईल. तारखा पडतील.
औषध पुरं झाल्याचा दवाखान्याचा कागद आणा.
कागद आहे. तांदळाच्या डब्याखाली,
दुधाच्या पिशवीत गुंडाळून,
सत्तावीस वर्षं.
कुणी मागितलाच नव्हता.

शिपायानं सवयीनं शाईची डबी सरकवली.
मी ती परत सरकवली.
पेन पहिल्या दोन बोटांच्या बेचक्यात धरलं
आणि लिहायला लागले, कस्तुरा बापू शेलार.
स्तु काढताना दोनदा घसरलं.
मागं रांग होती, कुणीतरी खाकरलं.
शेलार तर चौकटीच्या बाहेरच गेले,
पार "कार्यालयीन उपयोगासाठी" लिहिलेल्या जागेत.

मी बाईंकडं बघितलं.
राहू दे, म्हणाल्या,
आणि शिक्का थोडा खाली मारला.